कळलावीच्या फुलांचा हेडपीस घरी कसा करायचा, पहिल्या तारेपासून शेवटच्या पिनेपर्यंत

डोक्यावर घालायचं मोठं, शिल्पासारखं काहीतरी करायचं म्हटलं की बहुतेक जणी गुलाब घेतात नाहीतर कमळ, आणि दोन्ही फुलं छानच आहेत पण माझं ठाम मत आहे की आपल्याकडे हेडपीससाठी कळलावीसारखं दुसरं फूल नाही. पावसाळ्यात कुंपणांवर, रस्त्याकडेच्या झुडपांत, सह्याद्रीच्या उतारांवर ही वेल चढलेली असते, गौरी-गणपतीच्या सुमारास ऐन भरात असते, आणि बघितलंत तर लक्षात येईल की फूल खाली तोंड करून लटकतंय पण त्याच्या सहाही पाकळ्या उलट्या वळून वर गेल्यात. पिवळ्यातून लालात जाणारा रंग, कडांना लाटा, खाली आडवे पसरलेले सहा पुंकेसर. अग्निशिखा हे नाव उगाच नाही पडलं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे, आणि १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, शाळकरी मुलांकडून याच फुलाचा हिऱ्यांचा ब्रोच मिळाला होता. म्हणजे दागिना म्हणून या फुलाकडे बघणारे आपण काही पहिले नाही.

पण करायला घेण्याआधी एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फुलाचा नुसता चेहरा उतरवला तर ते गॅदरिंगच्या क्रेप कागदी फुलासारखं दिसतं. ते फूल ज्या युक्तीने वळतं, लटकतं, चढतं ती युक्ती उतरवली तर त्यात जीव येतो, आणि मजा म्हणजे डोक्यावर टिकतंही तेच. कळलावीकडे अशा तीन युक्त्या आहेत, त्या जिथे जिथे लागतील तिथे सांगतेच.

आधी वेल नीट बघा

फोटो इंटरनेटवर ढिगाने मिळतील पण त्यात जवळजवळ सगळे समोरून काढलेले असतात आणि आपल्याला बाजूने हवेत. पावसाळा असेल तर जाऊन प्रत्यक्षच बघा. फुलाच्या उंचीला डोळे आणून बाजूने फोटो काढा, खालून काढा आणि मग दोन पावलं मागे येऊन अख्ख्या फांदीचा काढा, कारण देठ कुठून निघतो आणि कुठे वाकतो हे जवळच्या फोटोत कळत नाही. एकाच फांदीवर तीन-चार वयाची फुलं दिसतील. टोकाला हिरवट कळ्या, त्याखाली नुकतं उमललेलं हिरवट पिवळं फूल, त्याच्याखाली भरातलं, म्हणजे बुडाशी आणि कडेला पिवळं आणि वर लाल, आणि सगळ्यात खाली जुनं झालेलं, पूर्ण गडद लाल. खालची आधी फुलतात, वरची मागून. हा क्रम डोक्यात पक्का ठेवा, आपल्या हेडपीसची रचना हीच आहे.

दुसरं पानं बघा. लांबट पान टोकाला निमुळतं होत जातं आणि टोकाचाच तणावा होतो, म्हणजे दोऱ्यासारखी गुंडाळी, आणि ती शेजारच्या काडीला पकडते. वेलीला चढायला वेगळा अवयवच नाही, पानाच्या टोकानेच पकडते. हे आपल्याला फार उपयोगी पडणारे.

आता काळजीचं. कळलावी विषारी आहे, सगळे भाग विषारी, कंद सर्वात जास्त, त्यात कोल्चिसिन असतं. हात लावलात तर नंतर साबणाने धुवा, लहान मुलांच्या हातात देऊ नका, आणि खरी फुलं वाळवून हेडपीसमध्ये लावायचा विचार अजिबात नको. औषधासाठी कंद उपटून नेल्यामुळे ती बऱ्याच ठिकाणी कमी झालीये म्हणून उपटणं-तोडणंही नको. खाली गळून पडलेली पाकळी मिळाली तर मोजा, साधारण ५ ते ८ सेंटीमीटर भरते. कासच्या पठारासारख्या राखीव ठिकाणी जाल तर तिथे गळलेलंही उचलू नका, फोटो पुरेत.

कागदावर नाही, डोक्यावर डिझाइन करा

वहीत काढलेलं चित्र सपाट असतं आणि डोकं गोल, त्यामुळे मी चित्रावर फार वेळ घालवत नाही, सरळ वर्तमानपत्राचा कच्चा नमुना करते. जुना हेअरबँड घ्या, वर्तमानपत्राच्या पाकळ्या कापा, मास्किंग टेपने चिकटवा आणि आरशासमोर उभ्या राहा. खरी पाकळी आहे त्याच्या दुप्पट म्हणजे साडेअकरा-बारा सेंटीमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम सव्वादोन ठेवा. कळलावीची पाकळी अरुंद असते, ती रुंद केली की लगेच लिलीचं दुसरंच कुठलंतरी फूल वाटायला लागतं.

माझी आवडती रचना अशी. सगळं एका बाजूला, उजवीकडे. उजव्या कानाच्या मागून वेल निघते, कानशिलावरून वर चढते आणि डोक्याच्या थोडी पुढे झुकते. जुनं लाल फूल कानाच्या वर अगदी बँडला टेकून, भरातलं फूल त्याच्या वर पुढे, अर्धं उमललेलं आणखी वर, आणि टोकाला एक कळी. डोक्याच्या वर २० ते २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. रिक्षात बसता आलं पाहिजे, दारातून वाकून जावं लागता कामा नये, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याशी काही येता कामा नये, त्यामुळे खांद्याच्या रेषेच्या बाहेर काही काढू नका. कच्चा नमुना घालून घरभर फिरा, खाली वाकून नमस्कार करा, मान दोन्हीकडे फिरवा. जिथे लागतंय, अडतंय तिथे आत्ताच कागद दुमडा.

इथे पहिली युक्ती. मोठं, उमललेलं, जड फूल खाली, हलकी कळी टोकाला. डोक्यापासून वस्तू जितकी लांब तितका तिचा ओढा जास्त, तीच वस्तू दुप्पट लांब गेली की मानेला दुप्पट जाणवते. त्यामुळे वेलीचा क्रम जसाच्या तसा ठेवला की वजनाचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो. उलटं करून मोठं फूल टोकाला लावलंत तर दिसेल भारी पण तासाभरात कानामागे दुखायला लागेल. तयार हेडपीस सगळं मिळून १८० ते २०० ग्रॅमच्या आत राहिला पाहिजे, स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला मोजत जा.

सामान

तारेच्या गेजमध्ये आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे माहीत नसेल तर दुकानात घोळ होतो. बँडसाठी १६ गेजची जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, ती साधारण १.६ मिलिमीटर जाड असते, अॅल्युमिनियमची घेऊ नका कारण ती मऊ असते आणि केसांच्या ताणाने हळूहळू उघडत जाते. देठांसाठी १८ गेज. पानं आणि पुंकेसरांसाठी २२ गेज, पाकळ्यांसाठी २४ गेज तांब्याची किंवा कागद गुंडाळलेली फुलांची तार मिळते ती, आणि बांधायला २६ गेज. तांब्याची तार हाताला गोड लागते पण एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की कडक होते आणि तुटते, त्यामुळे वळण एकदाच विचार करून द्यायचं.

कापड पांढरी मलमल किंवा कॅम्ब्रिक, अर्धा-पाऊण मीटर पुरतं. पानांसाठी हिरवं कॉटन सिल्क, थोडं बक्रम (कडक केलेलं अस्तराचं कापड), आतून लावायला काळं फेल्ट, केसांत खोचायच्या दोन छोट्या कंगव्या, काळं बारीक इलॅस्टिक, फ्लोरल टेप, हिरवा आणि पिवळा भरतकामाचा दोरा, फेविकॉल, फॅब्रिक कलर. हत्यारं म्हणजे नोज प्लायर, तार कापायची पक्कड, छोटी कानस. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत यातलं बरंचसं एका फेरीत होतं, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर, कापडाला मंगलदास मार्केट. जीआय तार मात्र क्राफ्टच्या दुकानात न घेता सरळ हार्डवेअरवाल्याकडे घ्या, स्वस्त पडते.

ग्लू गन मी सामानात धरली नाही ते मुद्दाम. स्टेजच्या लाइटखाली नाहीतर मे महिन्याच्या उन्हात तो डिंक मऊ पडतो आणि ऐन वेळी फूल मान टाकतं, शिवाय वजनही वाढवतो. यातला प्रत्येक जोड तारेने बांधायचा किंवा सुईने शिवायचा.

बँड, जो कोणाला दिसणार नाही पण सगळं त्याच्यावरच आहे

एका कानामागून डोक्यावरून दुसऱ्या कानामागे टेप लावून माप घ्या, मोठ्या माणसाचं साधारण ३५ ते ३८ सेंटीमीटर येतं पण स्वतःचंच घ्या, केस बांधून घालणार असाल तर केस बांधून घ्या. समजा ३८ आलं. मग १६ गेजची ८५ सेंटीमीटर तार कापा आणि तिचा ३८ बाय ३ सेंटीमीटरचा लांबुळका बंद आकार करा, दोन्ही टोकं ३ सेंटीमीटर एकमेकांवर चढवून २६ गेजच्या तारेने घट्ट गुंडाळा. हा जोड बँडच्या वरच्या भागात, फुलं येणार त्या बाजूला घ्या, कानाकडे कधीच नको, कानाकडे अखंड गोलावा आला पाहिजे म्हणजे टोचायला तिथे काही नसतंच. तारेची टोकं कानशीने घासून घ्या. मग दोन तारांच्या मध्ये २२ गेजच्या तारेचे पाच-सहा आडवे टेकू बांधा.

आता गोलाई. डोक्याच्या मापाच्या एखाद्या पातेल्यावर दाबून गोल करा पण तिथे थांबू नका, कानांमधलं डोकं गोल नसतं, वर जरा चपटं आणि बाजूंना सरळ उतरतं, त्यामुळे पातेल्यावरून काढल्यावर हाताने बाजू थोड्या सरळ करा आणि टोकं अगदी किंचित आत घ्या. घालून बघा. पकड डोक्याच्या बाजूंवर, कानाच्या वर चार बोटं जाणवली पाहिजे, कानामागच्या हाडावर नाही. हाडावर दाब आला तर डोकं दुखणार म्हणजे दुखणारच.

आकार जमला की बक्रमच्या दोन पट्ट्या कापा, एक वरून एक खालून, आणि कडेने काजाच्या टाक्यांनी तार आत घेऊन शिवून टाका. वर केसांच्या रंगाचं कापड, खाली फेल्ट, पण फेल्ट जोडणी झाल्यावर सगळ्यात शेवटी. फेल्ट लावायच्या आधी दोन्ही कंगव्या शिवून घ्यायच्या, एक उजवीकडे फुलांच्या बरोबर खाली आणि दुसरी डावीकडे थोडी मागे, कारण सगळं वजन उजवीकडे पुढे ओढणार आणि त्याला तोलून धरणारी पकड तिरकी समोर हवी. दोन्ही टोकांना इलॅस्टिक, ते मानेवर केसांच्या खालून जाईल. रिकामा बँड घालून जोरात मान हलवा. रिकामा बँड हलत असेल तर फुलं लावल्यावर काय होईल हे सांगायला नको, इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या.

पाकळ्या

याच कामासाठी मी हे फूल पुन्हापुन्हा करते.

मलमल आधी गरम पाण्यात धुऊन तिची मांड काढा नाहीतर रंग डागाळतो. मग कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं, धरून १४ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. उरेब का, तर उरेब कापड ताणलं जातं आणि आपल्याला पुढे कडा ताणायच्या आहेत. पट्टी ओली करा, प्लास्टिकवर पसरा आणि ओल्यावरच रंग लावा. खालचे चारेक सेंटीमीटर पिवळे, वर लाल, आणि मधे दोन्ही रंग एकमेकांत आपोआप जाऊ द्या, ब्रशने फार घोटू नका. रंगात पाणी भरपूर, घट्ट रंगाने कापड पुठ्ठा होतं. तीन फुलांच्या पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन, वेगवेगळ्या रंगवा. जुन्या फुलाची जवळजवळ सगळी गडद लाल, बुडाशी फक्त तांबूस नारिंगी. भरातल्या फुलाची वर सांगितली तशी. अर्ध्या उमललेल्याची पिवळी, त्यात पोपटी आणि टोकाला नुसती लाल छटा. कळीसाठी थोडी पोपटी. स्टेजसाठी करत असाल तर पिवळा जरा जास्त गडद घ्या, लाइटखाली तो उडतो. वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री.

कडकपणासाठी एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी. आपल्याकडे सुती साड्यांना साबुदाण्याची खळ घालतात तीही चालते आणि तिने येणारा पोत फेविकॉलपेक्षा सुंदर असतो हे खरं, पण पावसाळी हवेत खळ मऊ पडते आणि तिला किडे लागतात. खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात, ते विषारी आहे, डोक्यावर घालायच्या वस्तूत नको. म्हणून फेविकॉलच.

प्रत्येक पाकळी दोन थरांची. एक पट्टी उलटी ठेवा, तिच्यावर २४ गेजचे १६ सेंटीमीटरचे तुकडे तीन-तीन सेंटीमीटरच्या अंतराने उभे ठेवा, पिवळ्या बाजूने चार-पाच सेंटीमीटर तार बाहेर राहू द्या आणि वरचं टोक पट्टीच्या कडेच्या दोनेक सेंटीमीटर अलीकडेच थांबवा. तारेच्या कडेने बोटभर जागेत पाणी न घातलेलं फेविकॉल, बाकी जागेत पातळ केलेलं मिश्रण, आणि वर दुसरी पट्टी. प्लास्टिकवर वाळू द्या. पूर्ण कडकडीत नाही, हाताला चामड्यासारखं लागेल इतपत. मग पुठ्ठ्याचा साचा ठेवून प्रत्येक तार मधोमध येईल अशा पाकळ्या कापा, तारेचं टोक पाकळीच्या टोकाच्या अर्धा सेंटीमीटर आधी संपलं पाहिजे, म्हणजे कापडाबाहेर कधी येणार नाही. एका फुलाला सहा, तीन फुलांच्या अठरा, कळीच्या सहा बारक्या, आणि प्रत्येक रंगाच्या दोन-दोन जास्तीच्या कापून ठेवा.

आता दुसरी युक्ती. कळलावीच्या कडेला लाटा येतात त्या कोणी चुण्या घातल्यामुळे नाही. पाकळीची कड मध्यापेक्षा जास्त वाढते, तिला मावायला जागा उरत नाही आणि ती आपोआप वरखाली होते. आपणही तेच करायचं. पाकळीची कड बोटाने किंचित ओली करा, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरा आणि सेंटीमीटर-सेंटीमीटर पुढे जात कड बाहेर ताणत चला. मधली शीर तारेने धरलेली आहे, ती ताणली जात नाही, कड लांब होते आणि हातातल्या हातात लाट उभी राहते. हे होताना बघणं इतकं समाधानाचं आहे की अठरा कधी संपतात कळत नाही. चुण्या घालून, चिमटे लावून केलेली लाट सारखी-सारखी येते आणि लगेच नकली दिसते, ताणून आलेली कुठे मोठी कुठे छोटी येते, खऱ्या पाकळीसारखी. ताणून झालं की कडेला बारीक ब्रशने पिवळी रेघ, फक्त भरातल्या आणि अर्ध्या उमललेल्या फुलाला. जुन्याला नाही.

मग वळण. पाकळीच्या बुडापासून एक सेंटीमीटर सोडून तार मागे वळवा, एका सलग कमानीत, आणि टोक परत थोडं आत आणा. जुन्या फुलाच्या पाकळ्या मागे सगळ्यात जास्त गेलेल्या, अर्ध्या उमललेल्याच्या जेमतेम आडव्या. पूर्ण वाळू द्या, रात्रभर.

पुंकेसर आणि मधला भाग

प्रत्येक फुलाला सहा पुंकेसर. २२ गेजची तार आठ-नऊ सेंटीमीटर, तिच्यावर पोपटी दोरा घट्ट गुंडाळा, सुरुवातीला आणि शेवटी फेविकॉलचा ठिपका. तारेचं टोक मागे वळवून छोटा बंद आकडा करा, उघडं टोक ठेवायचंच नाही, हे भाग सगळ्यात बाहेर असतात. त्या आकड्यावर परागकोश आडवा बसवायचा, टोकावर उभा नाही, खऱ्या फुलातही तो मधोमध टेकलेला असतो आणि म्हणून डुलतो. कापूस गुंडाळून त्यावर पिवळा दोरा, किंवा भेंड, म्हणजे वनस्पतीचा हलका गाभा, मिळालं तर फारच छान. बाशिंगं करणारे भेंड वापरायचे ते त्याच्या हलकेपणासाठीच, आणि बंगालमध्ये नवरदेवाचा टोपोर, म्हणजे लग्नातला मुकुट, अजूनही त्याच जातीच्या वनस्पतीच्या गाभ्याचा करतात. भेंडाचे तुकडे कोरून रंगवले की कापसापेक्षा नेमका आकार मिळतो. एमसील वगैरे नको, अठरा परागकोशांचं वजन टोकाला जाऊन बसतं.

मध्यभागी हिरवा, तीन फुगवट्यांचा बीजकोश, आणि त्याच्या टोकाशी कळलावीची ओळख, मधली दांडी जी निघाल्या निघाल्या काटकोनात वळून बाजूला जाते. ती सरळ ठेवू नका. झाड ओळखणाऱ्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

फूल बांधणं

बीजकोश, त्याच्याभोवती सहा पुंकेसर, बांधा. मग पाकळ्या तीन आणि तीन अशा दोन फेऱ्यांत, दुसऱ्या फेरीतली पाकळी पहिलीच्या फटीत. सहाच्या सहा एकदम धरून बांधायला गेलं की एका बाजूला दाटी होते आणि दुसरीकडे भगदाड राहतं. आता हातात तेरा तारांची मोळी आलीये, ती तशीच देठाला बांधली तर देठ जाडजूड होईल, म्हणून तारांची टोकं वेगवेगळ्या लांबीवर कापा, काही दोन सेंटीमीटरवर, काही चारवर, म्हणजे जाडी हळूहळू उतरते आणि वजनही कमी होतं. १८ गेजच्या १५ सेंटीमीटर तारेला जोडा, २६ गेजने बांधा आणि वर फ्लोरल टेप. हा टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, ताणला की त्यातलं मेण सुटतं, त्यामुळे एका हाताने देठ फिरवत दुसऱ्या हाताने टेप खेचत खाली यायचं.

शेवटी देठ फुलाच्या वर तीन सेंटीमीटरवर वाकवा म्हणजे फूल खाली बघेल, आणि पाकळ्या वर. पुंकेसर एकेक करून आडवे उघडा. या क्षणाला ते एकदम कळलावी दिसायला लागतं. कळीला काही फार नाही, सहा बारक्या पाकळ्या मिटलेल्या, थोडा पीळ, खाली तोंड.

पानं, आणि तिसरी युक्ती

पाच-सहा पानं पुरतात, लांबी १० ते १४ सेंटीमीटर. दोन थर आणि मध्ये २२ गेजची तार तशीच, फक्त इथे तार दोन्हीकडून बाहेर काढायची, बुडाकडे पाच आणि टोकाकडे दहा सेंटीमीटर. टोकाकडच्या तारेवर हिरवा दोरा गुंडाळा, टोक मुडपा, आणि पेन्सिलीवर दोन-तीन वेढे देऊन अलगद खेचा. झाला तणावा.

दोन पानांचे तणावे शोभेला मोकळे सोडा. बाकीच्यांना कामाला लावा. एकाने वरचं फूल शेजारच्या देठाला पकडू दे, एक बँडच्या आडव्या टेकूत अडकवा, एक मागच्या बाजूने कळीच्या देठाला. वेल जशी उभी राहते तसाच हेडपीस उभा राहतो, प्रत्येक फुलाला खालच्या देठाशिवाय दुसऱ्या दिशेने एक आधार मिळतो आणि डुलणं राहतं पण लोंबकळणं जातं. बघणाऱ्याला वाटतं नाजूक सजावट आहे, प्रत्यक्षात तो सांगाडा आहे.

जोडणी

खालून वर जायचं. आधी जुनं लाल फूल. प्रत्येक देठ बँडला दोन जागी पक्का झाला पाहिजे आणि त्या दोन जागांत किमान तीन सेंटीमीटर अंतर हवं, एकाच जागी बांधलेला देठ कितीही घट्ट बांधा, तो स्वतःभोवती फिरतोच. २६ गेजच्या तारेने टेकूला बांधा, मग मेण लावलेल्या दोऱ्याने बक्रममधून आरपार टाके घाला. मग भरातलं फूल, मग अर्धं उमललेलं, शेवटी कळी. प्रत्येक फूल लावल्यावर डोक्यावर घालून बघा, टेबलावर ठेवून सुंदर दिसणारी रचना डोक्यावर पुढे झुकलेली निघू शकते. फुलांची तोंडं एकाच दिशेला नकोत, एक समोर, एक बाजूला, एक थोडं मागे, कारण लोक तुम्हाला सगळीकडून बघणार.

सगळ्यात शेवटी पानं. उरलेले तारांचे आणि टाक्यांचे भाग पानाने झाकायचे, आणि एक पान डावीकडच्या कंगवीजवळ लावा म्हणजे ती बाजू अगदी उघडी वाटत नाही.

मग बोटांनी सगळीकडून चाचपा, डोळे मिटून. कुठेही टोचलं तर तिथे मुडपा किंवा टेप लावा. फेल्ट आतून शिवून बंद करा. घालून पंख्याखाली उभ्या राहा, उड्या मारा, दोन-तीन गिरक्या घ्या, नमस्कार करा. नाचासाठी असेल तर पूर्ण नाच एकदा घालून करून बघायलाच हवा.

केसांत बसवणं

त्याच दिवशी शांपू केलेल्या केसांत कंगवी घसरते, आदल्या दिवशी धुतलेले केस बरे. अंबाडा घालणार असाल तर तो आधी, बँड नंतर. कंगवी सरळ आत सारू नका. दात कपाळाकडे करून केसांत घाला, थोडे केस उचला आणि मग कंगवी मागे उलटी करून आत ढकला, ती अशी अडकते की ओढूनही निघत नाही. कंगवीच्या जागी केस बारीक असतील तर तिथे आधी दोन पिना फुली करून लावा आणि कंगवी त्यांच्या मागे अडकवा. मग मागचं इलॅस्टिक केसांखाली. बँडवरून दोन-तीन आकडे. लग्नात किंवा शूटला चार-पाच तास घालायचं असेल तर मध्ये पंधरा मिनिटं काढायची सोय बघा, कितीही हलका असला तरी मानेला आराम लागतो. काढताना आधी इलॅस्टिक, मग डावी कंगवी, मग उजवी, आणि उचलताना बँडला धरायचं, फुलांना नाही.

ठेवणं आणि दुरुस्ती

खोक्यात आडवा टाकलात तर पाकळ्या दबतात. थर्माकोलचं डोकं मिळतं त्यावर बसवा आणि वरून मोठं खोकं पालथं घाला, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पावसाळ्यात आत दमटपणा धरतो, कापड मऊ पडतं आणि तांब्याच्या तारेचा हिरवा डाग बाहेर येऊ शकतो. धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशने बुडाकडून टोकाकडे झटका. मऊ पडलेल्या पाकळीला पातळ फेविकॉलचा हात उलट बाजूने द्या, वळण परत द्या, वाळू द्या. पाकळी तुटली तर बाजूला ठेवलेल्या जास्तीच्या पाकळ्यांतली एक घ्या, टेप त्या जागी सोडवा, जुनी तार पक्कडीने कापा, नवी तार त्याच फटीत सारून २६ गेजने चार वेढे, वर टेप. आणि उरलेला रंग छोट्या डबीत नाव घालून ठेवा, पुढच्या वर्षी तोच तांबडा पुन्हा मिसळून जमत नाही.